‘आठ रिश्टरला टिकणारं घर’ : भूकंपाचे आकडे वाचायचे कसे

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. किल्लारीचा भूकंप कुठे ६.४ लिहिलेला दिसतो, कुठे ६.२, खरा कोणता? मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे झालेला ४.५ चा भूकंप तुम्हाला नांदेडात जाणवला, मग किल्लारीचा त्याच्या दीडपटही नव्हता असं धरायचं का? जपानमध्ये सातच्या वरचे भूकंप होतात, तरी तिथे दर वेळी किल्लारीसारखा संहार का होत नाही? आणि शेवटचा, ज्यासाठी तुम्ही बाकीचे विचारलेत असं मला वाटतं: औशाजवळ घर बांधताय, ठेकेदार म्हणतो "आठ रिश्टरपर्यंत काही होणार नाही", त्यावर विश्वास ठेवायचा का?

वेधशाळेत भूकंपाचे आलेख वाचण्यात आणि पुढे धरणांवरच्या कंपनमापकांच्या नोंदी तपासण्यात माझी नोकरी गेली. हे प्रश्न गावोगावच्या सभांत मला विचारले गेले आहेत आणि ते सगळे रास्त आहेत. त्यांच्या मुळाशी अडचण एकच आहे. जमिनीच्या पोटात किती मोठी मोडतोड झाली, ही एक गोष्ट. तुम्ही उभे आहात तिथली जमीन किती हादरली, ही दुसरी. दोन्ही आकड्यांत सांगितल्या जातात, म्हणून त्या एकच वाटतात. या उत्तरात पहिलीला मी परिमाण म्हणतो आणि दुसरीला तीव्रता. बातमीत ‘इतके रिश्टर’ म्हणून येतं ते परिमाण. एका भूकंपाला परिमाण एकच असतं. तीव्रता मात्र गावागणिक बदलते, कधी एकाच गावात आळीगणिक बदलते.

परिमाणाची पद्धत चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात बसवली. त्यांच्यापुढची अडचण अगदी व्यवहारातली होती. एकच भूकंप जवळच्या वेधशाळेत मोठा उमटायचा आणि लांबच्या वेधशाळेत किरकोळ, मग दोन भूकंपांची तुलना करायची कशी? त्यांनी वुड-अँडरसन हे ठरावीक बनावटीचं यंत्र घेतलं, ते भूकंपापासून १०० किलोमीटरवर आहे असं मानलं आणि त्याच्या कागदावर लहरीची सर्वांत मोठी उंची किती येते ते मोजलं. उंची १ मिलिमीटर आली तर परिमाण ३, १० मिलिमीटर आली तर ४, १०० आली तर ५. यंत्र शंभर किलोमीटरवर नसेल तर अंतराप्रमाणे दुरुस्ती करायची.

अंतर त्याच आलेखातून निघतं. आधी पी लहर पोहोचते, मागून संथ एस लहर. दोन्हींच्या मधले सेकंद मोजले आणि साधारण आठने गुणले की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. कोयनेचा धक्का पुण्यात उमटला तर हा फरक पंधरा-सोळा सेकंदांचा असतो. कागदी ड्रमच्या दिवसांत आम्ही हे पट्टी आणि भिंग घेऊन करायचो, आता संगणक करतो; तत्त्व तेच आहे. मात्र एका ठिकाणच्या नोंदीवर परिमाण ठरवू नये. लहरी सगळ्या दिशांना सारख्या जोराने जात नाहीत, वाटेतला खडक सारखा नसतो, यंत्राखालची जमीनही वेगवेगळी असते. म्हणून अनेक वेधशाळांचे आकडे काढून त्यांची सरासरी घेतात, आणि त्या आकड्यांत आपसांत दोन-तीन दशांशांचा फरक असणं हे रोजचंच आहे. भूकंपानंतर तासाभरात आकडा ‘बदलला’ म्हणून लोक संशय घेतात. त्या तासात जास्त वेधशाळांच्या नोंदी आलेल्या असतात, इतकंच.

आता तुमचा दीडपटीचा हिशेब. मिलिमीटरचे आकडे परत पाहा: परिमाण एकाने वाढलं की आलेखातली उंची दहापट होते. ऊर्जा त्याहून झपाट्याने वाढते, एका अंकाला सुमारे ३२ पट, दोन अंकांना बरोबर हजारपट. नुसत्या ०.२ चा फरक म्हणजे ऊर्जा दुप्पट. या हिशेबाने ६.२ चा भूकंप ४.५ च्या भूकंपापेक्षा आलेखात ५० पट मोठा आणि ऊर्जेने साडेतीनशे पट मोठा ठरतो. ६.२ भागिले ४.५ या भागाकाराला इथे काहीच अर्थ नाही. परिमाणांची वजाबाकी करायची असते, भागाकार नाही.

याच हिशेबाची एक बाजू कोयना परिसरातल्या लोकांसाठी फार महत्त्वाची आहे. तिथे मला हमखास ऐकू यायचं की छोटे धक्के बसताहेत ते बरंच, आतला ताण निघून जातो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी भोगली त्यांनी अशा समजुतीचा आधार घ्यावा, हे मी समजू शकतो. पण आकडे मांडून पाहा. त्या पहाटेच्या भूकंपाचं परिमाण ६.३ धरलं तर त्याच्याइतकी ऊर्जा बाहेर पडायला ५ परिमाणाचे नव्वदेक भूकंप लागतील, किंवा ४ परिमाणाचे अठ्ठावीसशे, किंवा ३ परिमाणाचे जवळजवळ नव्वद हजार. धरण भरायला लागल्यापासून तिथे पाचच्या वरचे वीसहून थोडे अधिक भूकंप झाले आहेत. भांडी वाजवणारे धक्के मोठ्या भूकंपाची जागा घेऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे पाहून घराची डागडुजी पुढे ढकलू नये, हे मी तिथल्या प्रत्येक सभेत कळकळीने सांगत आलो.

(‘अमुक इतक्या अणुबाँबएवढी ऊर्जा’ ही तुलना बातम्यांत आवडीने केली जाते. मी ती टाळतो. ती ऊर्जा शेकडो किलोमीटर खडकात सगळीकडे पसरते. तुमच्या गावाच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हे त्या तुलनेतून अजिबात कळत नाही आणि भीती तेवढी वाढते.)

मग किल्लारी ६.२ की ६.४? दोन्ही आकडे योग्य पद्धतीने काढलेले आहेत, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. रिश्टर यांची मूळ पट्टी कॅलिफोर्नियातल्या जवळच्या भूकंपांसाठी होती. दूरचे भूकंप मोजण्यासाठी पुढे त्यांनी आणि बेनो गुटेनबर्ग यांनी आणखी पट्ट्या तयार केल्या: एक पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या लहरींवरची, एक पृष्ठभागावरून येणाऱ्या लांब लहरींवरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला पृष्ठलहरींवरून ६.४ आलं, पोटातल्या लहरींवरून ६.३ आणि आज जी पट्टी प्रमाण मानली जाते तिच्यावर ६.२. पुस्तकात किंवा बातमीत कोणती पट्टी वापरली ते लिहिलेलं नसतं, म्हणून गोंधळ होतो.

ही आजची पट्टी का आणावी लागली, ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या पट्ट्या ठरावीक लांबीच्या लहरी मोजतात. भूकंप लहान-मध्यम असेल तोवर ठीक चालतं. मोठ्या भूकंपात भ्रंश, म्हणजे ज्या भेगेवरून खडक सरकतात ती, शेकडो किलोमीटर फाटत जातो, त्याला मिनिटं लागतात, आणि त्याची जास्तीची ऊर्जा फार लांब, संथ लहरींत जाते. त्या लहरी जुन्या पट्टीच्या नजरेतच येत नाहीत. सोनाराच्या काट्यावर गुळाची ढेप ठेवावी तसं होतं: काटा शेवटच्या खुणेला टेकतो आणि ढेप पाच किलोची की दहाची, ते सांगत नाही. रिश्टर यांची मूळ पट्टी सातच्या आसपास अशी टेकते, पृष्ठलहरींची आठच्या थोडी पुढे.

आपल्याकडे याचा अनुभव २६ जानेवारी २००१ ला आला. भुजच्या भूकंपाला आपल्या हवामान विभागाने ६.९ सांगितलं, अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने आधी ७.९ आणि मग ७.७. लोकांना वाटलं कुणीतरी लपवाछपवी करतंय. खरं पाहता ६.९ आणि ७.७ हे आकडे वेगळ्या पट्ट्यांचे होते. जपानमध्ये याच मर्यादेची किंमत फार मोठी होती. ११ मार्च २०११ ला तिथल्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत काढलेला पहिला आकडा ७.९ होता आणि त्सुनामीच्या लाटांचा पहिला अंदाज त्यावरूनच दिला गेला: इवाते आणि फुकुशिमाच्या किनाऱ्याला ३ मीटर. प्रत्यक्षात भूकंप ९.० चा होता आणि लाटा त्या अंदाजाच्या कितीतरी वर गेल्या. इतक्या थोड्या वेळात संथ लहरी पूर्ण नोंदल्याच जात नाहीत, ही मुळातली अडचण आहे. त्यानंतर तिथली इशारा-पद्धत बदलली गेली.

आजची पट्टी म्हणजे मोमेंट मॅग्निट्यूड, आपण आघूर्ण-परिमाण म्हणू. जपानचे केइती आकी यांनी १९६६ मध्ये मूळ कल्पना मांडली आणि १९७९ मध्ये हिरू कानामोरी व थॉमस हँक्स यांनी तिला रिश्टरच्या आकड्यांशी जुळेल असं रूप दिलं. यात कागदावरच्या उंचीऐवजी भ्रंशाचंच माप घेतात: किती क्षेत्रफळ फाटलं, दोन्ही बाजू एकमेकींवरून किती सरकल्या आणि खडक किती कणखर होता. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि मग त्याचा लॉगरिदम घ्यायचा. ६.२ म्हणजे साधारण दहा किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद पृष्ठ सरासरी एक मीटर सरकणं. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या ९.१ साठी हीच मापं बाराशे-तेराशे किलोमीटर लांब, दीडशे किलोमीटर रुंद आणि दहा मीटरच्या आसपास घसरण अशी येतात. लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याचा तुकडा आणि अंदमान ते सुमात्रा हा सगळा पट्टा! मला ही पट्टी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यामागे डोळ्यांपुढे आणता येईल अशी वस्तू आहे आणि ती कितीही मोठ्या भूकंपाला अडखळत नाही. १९६० च्या चिलीच्या भूकंपाचं ९.५ याच पट्टीवरचं आहे. बातमीत नाव अजून रिश्टरचं घेतात, पण मोठ्या भूकंपाचा आकडा बहुधा याच पट्टीवरचा असतो.

म्हणून दोन भूकंपांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच पट्टीवरचे आणि शक्यतो एकाच संस्थेच्या यादीतले घ्या. १९९५ चा कोबेचा भूकंप जपानी हवामान संस्थेच्या पट्टीवर ७.३ आहे आणि आघूर्ण-परिमाणात ६.९. त्यातला ७.३ उचलून किल्लारीच्या ६.२ शेजारी ठेवला तर तुलना सुरुवातीलाच चुकली. आणि दोन भूकंपांत ०.१ चा फरक असेल तर कोणता मोठा, यावर वाद घालू नका. मोजणीतली अनिश्चितता तेवढी असतेच.

इथवर जे सांगितलं ते सगळं जमिनीच्या पोटातल्या घटनेबद्दल होतं. घर पडतं की राहतं, ते त्यानंतर ठरतं.

तीव्रता मोजायची जुनी रीत म्हणजे भूकंपानंतर गावोगाव फिरून पाहणं: झोपलेले जागे झाले का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, कोणत्या प्रकारच्या किती घरांना भेगा गेल्या, किती पडली. त्यावरून एक ते बारा दर्जे लावतात. मर्काली यांच्या नावाची पट्टी तशीच, भारतात रूढ झालेली १९६४ ची एमएसके पट्टीही तशीच. भुजचा भूकंप घ्या. परिमाण ७.७, एकच. पण भचाऊला तीव्रता दहाव्या दर्जाची, सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादला सात-आठच्या घरात, आणि मुंबईत काही लोकांना पंखे हललेले जाणवले इतकंच. या तिघांना ‘भूकंप किती मोठा होता’ असं विचारलं तर तिघं वेगळं सांगतील, आणि तिघंही खरं सांगत असतील.

जपानमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी सांगितले जातात. परिमाण एक असतं आणि प्रत्येक गावाचा ‘शिंदो’ वेगळा असतो, शून्यापासून सातपर्यंत. १९९६ पासून शिंदो माणसाच्या अंदाजाऐवजी जागोजागी बसवलेल्या यंत्रांवरून ठरतो आणि मिनिट-दोन मिनिटांत टीव्हीवर येतो. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात तिथल्या माणसाने आधी पाहिलं असेल ते आपल्या गावाचा शिंदो किती आला ते. आपल्याकडे बातमीत परिमाण तेवढं येतं. प्रत्येक जिल्ह्याची तीव्रताही सांगितली जावी, असं मला फार वाटतं.

किल्लारीचा भूकंप परिमाणाने मध्यमच होता, हे कटू असलं तरी खरं आहे. भुजच्या भूकंपाची ऊर्जा त्याच्या पावणेदोनशे पटींच्या जवळ होती. तरी किल्लारीत आणि आसपासच्या गावांत दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. याची कारणं परिमाणात शोधून मिळणार नाहीत. भूकंप उथळ होता, दहा किलोमीटरच्या आतला, आणि अगदी वस्तीखाली. वेळ पहाटे चारच्या जराशी आधीची, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून लोक नुकते झोपलेले. आणि घरं खणांची, माळवदाची: दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर पावसापासून जपण्यासाठी वर्षानुवर्षं चढवलेली मातीची रास. त्या भिंतींना आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मध्ये गोटे-माती. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड जवळजवळ नव्हतेच. जमीन हलली तशा भिंती मधून उकलल्या आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर आली. उन्हाळ्यात गारवा देणारं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते बांधकाम होतं. ते बांधणाऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. त्या भागाला तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये टाकलेलं होतं, मग गवंड्याने कशाच्या आधारावर वेगळं बांधायचं?

अभियंत्याला हिशेबासाठी तीव्रतेचा दर्जाही पुरत नाही. त्याला लागतं जमिनीचं त्वरण, म्हणजे जमिनीने घराला किती झटका दिला, हे गुरुत्वाकर्षणाच्या प्रमाणात. कोयना धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने १९६७ च्या त्या भूकंपात ०.६३ जी नोंदवलं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्रेसष्ट टक्के. त्या काळी जगभरात इतक्या जवळून घेतलेल्या नोंदी मोजक्याच होत्या. धरणाला आडव्या भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. याच्या शेजारी १९८५ चा मेक्सिको सिटीचा भूकंप ठेवा. परिमाण ८.०, पण शहर साडेतीनशे किलोमीटरहून दूर. तळ्याच्या जुन्या गाळावरच्या एका प्रसिद्ध नोंदीत त्वरण जेमतेम ०.१७ जी. तरी तिथे कित्येक इमारती पडल्या, कारण तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोलत राहिला आणि दहा-बारा मजल्यांच्या इमारतींची लय त्याच्याशी जुळली. एकमजली घरं त्याच जमिनीवर बहुतांशी वाचली. म्हणजे झटका किती, किती वेळ, कोणत्या लयीत आणि घर किती उंच, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

आता ठेकेदाराच्या वाक्याकडे या. ‘आठ रिश्टरपर्यंत टिकेल’ हे कोणत्याही घराबद्दल म्हणता येत नाही. आठ परिमाणाचा भूकंप चारशे किलोमीटरवर झाला तर तुमच्या एकमजली घराला कदाचित भेगही जाणार नाही. सहाचा घराखाली पाच किलोमीटरवर झाला तर तेच घर पडू शकेल. ठेकेदाराचा हेतू वाईट असेलच असं नाही, हे वाक्य जाहिरातींतून सगळीकडे पसरलेलं आहे. पण त्यामागे हिशेब नाही.

त्याऐवजी विचारा: घर आयएस १८९३, म्हणजे भूकंपाचा विचार करून बांधकाम करायच्या भारतीय संहितेप्रमाणे कोणत्या झोनसाठी केलंय? किल्लारीनंतर नकाशा बदलला आणि तो पट्टा तिसऱ्या झोनमध्ये आला. २०१६ च्या आवृत्तीत त्या झोनचा गुणक, म्हणजे हिशेबात धरायच्या झटक्याचं माप, ०.१६ आहे. ही संहिता वेळोवेळी सुधारली जाते, म्हणून अभियंत्याकडून चालू आवृत्ती कोणती, ते लेखी घ्या. आरसीसी असेल तर आयएस १३९२० या त्यासाठीच्या वेगळ्या संहितेप्रमाणे सळईचं काम आहे का ते पाहा, आणि कागदावर न पाहता काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी जागेवर जाऊन पाहा. कॉलमच्या रिंगांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे १३५ अंशांत वळवलेली हवीत. आपल्याकडे ती काटकोनात सोडून देतात आणि झटका बसला की रिंग उघडते. बीमला कॉलम मिळतो तिथे रिंगा दाट हव्यात, १०० मिलिमीटरच्या आत. विटांच्या भिंतींवर छत असेल तर प्लिंथला, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली असे सलग पट्टे घराभोवती पूर्ण फिरलेले हवेत, कुठेही न तुटता. खाली नुसते कॉलम उभे करून गाड्या ठेवायचा बेत असेल तर मी तो सोडायला सांगेन. अहमदाबादला २००१ मध्ये अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या.

एक गोष्ट मला इथून ठरवता येत नाही, ती म्हणजे तुमची जमीन. औशाच्या बाजूला काळी माती काही ठिकाणी दोन फुटांवर संपते आणि मुरूम लागतो, काही ठिकाणी ती खूप खोल जाते. खोल काळ्या मातीत हादरा वाढतो आणि पायाही हलतो. खड्डा घेऊन मुरूम किंवा पाषाण किती फुटांवर लागला, घर किती मजल्यांचं आणि भिंती विटांच्या की आरसीसीचा सांगाडा, एवढं कळवलंत तर पायाबद्दल आणि पट्ट्यांच्या सळईबद्दल नेमकं सांगू शकेन.